सागवानाच्या रेषा बुजवल्या तेव्हा

आमच्या सौंसरच्या घरात स्वयंपाकघराच्या एका भिंतीला आठ दारांची सागवानी कपाटं आहेत. दोन हिवाळ्यांपूर्वी ती आठही दारं मी स्वतःच्या हातानं घासली, त्यांच्या रेषा लांबीचा लगदा भरून बुजवल्या आणि वर दुधी रंग चढवला. काम इतकं गुळगुळीत उतरलं की बघणारा आधी हात फिरवायचा आणि मग तोंड उघडायचा. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी मला नीट जमल्या, त्यातली ही एक. आणि याच कामानं मी माझ्या बायकोचं स्वयंपाकघर तिच्या हातातून काढून घेतलं. तिची नजर जात होती. बऱ्याच दिवसांपासून जात होती आणि मला पत्ता नव्हता. डोळ्यांना जे दिसेनासं झालं होतं ते ती बोटांनी ओळखत होती, त्या दारांच्या लाकडावरच्या रेषांवरून. त्या रेषा मी एकेक करून बुजवत होतो, घाम गाळून, शाबासकीची वाट बघत.

मी गणिताचा मास्तर. सरकारी शाळेत तीसेक वर्षं काढली. वर्गात बोललो की मैदानापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायचं, आणि याचा मला अभिमान होता. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, आवाज राहिला. माझा राग दुधासारखा आहे, वर येतो तसा खाली बसतो, असं मी सगळ्यांना हसत सांगायचो. खाली बसल्यावर ओटा कोण पुसतं, हे मी कधी विचारलं नाही.

सुरुवात बल्बपासून झाली.

"अजी, इथं अंधार वाटून राह्यला," ती एके दिवशी म्हणाली. दुपारचे बारा वाजलेले, खिडकी उघडी, अंगणात ऊन मावत नव्हतं. मी बल्ब बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी बल्बच काढून एलईडीची लांब पट्टी लावली. इतका उजेड झाला की डाळीतला खडा दारातून दिसावा. महिन्याभरानं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझं डोकं सटकलं. "आता काय सूर्य आणून टांगू का छताला?" मी म्हणालो. ती हसली. ती हसली म्हणून मी समजलो, विषय मिटला.

पण मास्तराच्या डोक्यात उदाहरण अडकलं की सुटल्याशिवाय चैन पडत नाही. मी खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसलो आणि बघितलं. वीस वर्षांच्या फोडण्यांनी ती आठ दारं काळपट तपकिरी झाली होती. भिंतभर गडद लाकूड, मग उजेड टिकणार कसा? दारं फिकी केली की खोली उजळेल. माझं हे गणित आजही बरोबर आहे. चूक एवढीच की मी प्रश्नच नीट वाचला नव्हता. परीक्षेत असं करणाऱ्या पोरांना मी शून्य द्यायचो आणि वर कानही पिळायचो.

आता मागं वळून पाहिलं की सगळं कसं सरळ दिसतं. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायचा तिचा नेम होता, तो सुटला. गुडघे दुखतात म्हणाली. सकाळचा पेपर "तुम्हीच वाचा ना मोठ्यानं, माहे हात पिठाचे आहेत" असं म्हणायला लागली, आणि मोठ्यानं वाचायला सांगितल्यावर मी कशाला नाही म्हणतो? मला तर ती माझ्यात जास्त रस घेऊन राहिली असंच वाटलं होतं.

दारं रंगवायची ठरवली तेव्हा ती चटकन हो म्हणाली. "पांढरी करा. पांढरं बरं दिसते." मी दुसऱ्याच दिवशी पांढुर्ण्याची बस धरली. आमच्या शाळेच्या भिंती रंगवणारा एक जुना पेंटर तिथं आहे, त्याला घेऊन यायचा बेत होता. पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं तसा हा माणूसही मोठा झालेला. लग्नसराईची चार घरं हातात, महिनाभर वेळ नाही. वर मला सल्ला.

"सर, सागवानाले रंग? पालिश मारा ना. लोक सागवान दिसावं म्हनून मरून राह्यले, आन् तुम्ही झाकून राह्यले."

मी त्याला उजेडाचं गणित समजावून सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं, तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "मंग तुम्हीच करा." त्याला वाटलं मी मागं सरेन. मी म्हणालो, "करतो. शिकव."

त्या माणसाचं मी वाईट बोलणार नाही. त्यानं तिथंच दुकानाच्या पायरीवर सागवानाचा एक तुकडा घेतला आणि अर्धा तास मला विद्यार्थी करून बसवलं. सागवान म्हणजे नसाच नसा, तो म्हणाला. नुसता रंग मारला तर तो त्या नसांत उतरतो, आणि तिरपा उजेड पडला की सगळ्या रेषा रंगावर उठून दिसतात. म्हणून आधी लांबी भरायची. खडूची भुकटी, जवसाचं तेल आणि थोडं वार्निश एकत्र मळून पोळीच्या कणकेपेक्षा सैल लगदा करायचा, आणि पत्र्याच्या पात्यानं तो लाकडाच्या रेषांत दाबत जायचं. "रेषेच्या आडवं भरा, आडवंच खरवडा. रेषेच्या दिशेनं पातं ओढलं का भरलेलं सारं वर येते. वाळू द्या. मंग रेगमाल मारा. नख फिरवून पाहा. नख कुठंच अडकलं नाई तं समजा झालं." मी उठलो तेव्हा त्यानं हाक मारून आणखी एक सांगितलं. "आन् सर, एकदा भरली का ते निघत नाई बरं. मंग म्हनू नका."

घरी येऊन मी दारं उतरवली. काम मागच्या पडवीत मांडलं, कारण समोरच्या रस्त्यानं दिवसभर कापसाच्या गाड्या जातात आणि तंतू उडतात. ओल्या रंगावर ते बसले की दाराला मिशा फुटतात. पडवीला जुनी चादर बांधली, दोन बाकांवर दारं आडवी टाकली, धुण्याच्या सोड्यानं धुतली. काळं पाणी निघालं. मग रेगमालाच्या खरबरीत कागदानं घासत गेलो आणि खालून मूळ लाकूड वर यायला लागलं. खरं सांगायचं तर ते फार देखणं होतं. एका दारावर उभ्या बारीक रेषा, दुसऱ्यावर नदीच्या वळणासारख्या, एकावर मधोमध सुपारीएवढी गाठ. सुताराचा रंधा कुठं अडला ते कळावं असा एका दाराचा कोपरा खरबरीत. वीस वर्षं मी ती दारं उघडत होतो आणि आठ दारं आठ तऱ्हेची आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मनात म्हटलं, बरं आहे, आता सगळी एकसारखी होतील.

त्या दिवसांत स्वयंपाकघराला दारंच नव्हती. नुसते कप्पे, डबे उघडे. मला वाटलं होतं बायको कुरकुर करेल. उलट ती खुशीत होती. काम करता करता गुणगुणायची. हात घातला की डबा. मला वाटलं नव्या रंगाच्या आशेनं खूश आहे.

दुपारी ती पडवीत यायची आणि माझ्याशेजारी उभी राहून एकेका दारावरून तळहात फिरवायची. बघायची नाही, नुसता हात फिरवायची. मी लांबी मळायला घेतली त्या दिवशी तिनं विचारलं, "हे काय?"

मी सांगितलं. पेंटरकडून शिकलेलं सगळं ज्ञान ओतलं, वर थोडं स्वतःचं घातलं.

"रंग द्या," ती म्हणाली, "पन हे रेषा राहू द्या."

"अवं, रेषा राहिल्या तर रंग कशाला? घाण दिसेल."

"मले हाताले बरं वाटते."

"दार काय हात लावायला असतं? उघडायला असतं."

"अजी, मी कधी काही मांगत नाई तुमाले."

"मग आता तरी शहाण्यासारखं काही माग!" माझा आवाज चढला होता. शेजारच्या घरातलं कुकर लावणं थांबलं असेल, इतका. "मी इथं पाठ मोडून राहिलो आणि तुला मध्ये मध्ये काड्या घालायच्या आहेत. तुला काय कळते त्यातलं?"

ती गप्प झाली. माझ्या घरात ही नेहमीची गोष्ट होती, माझं बोलणं संपायचं आणि तिचं थांबायचं, आणि मी त्याला एकमत समजायचो. पण त्या दिवशी जाता जाता ती वळली आणि म्हणाली, "एक तरी सोडा. ते गाठीचं. चौथं." मी हो म्हणालो. वचन दिलं म्हणा ना. ते मसाल्याचं दार. सात करतो, एक सोडतो, मी म्हणालो.

सात दारं झाली. लांबीचे दोन हात, प्रत्येक हातानंतर रेगमाल, मग प्राइमर, मग रंगाचे दोन हात. नख फिरवलं तर नख घसरायचं. सातही दारं भिंतीला टेकून उभी केली की उन्हात अशी चमकायची की मला स्वतःचाच लळा लागला. आणि शेजारी ते एकटं उरलेलं, तपकिरी, गाठीचं. पंगतीत सात जण धुतलेल्या सदऱ्यात आणि एक जण मळक्या बनियनवर, तसं. मी दोन दिवस ते सहन केलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिची बहीण तिला घ्यायला आली आणि दोघी दोन दिवसांसाठी पांढुर्ण्याला गेल्या. त्या दोन दिवसांत मी ते दार भरलं. मनात पाप नव्हतं. मला वाटलं, आली की बघेल, आठही सारखी बघून तोंडावर हसू येईल, आणि म्हणेल की तुमचंच बरोबर होतं. गाठीच्या फटी खोल होत्या, तिथं लांबीचे तीन हात द्यावे लागले.

ती परत आली तेव्हा दारं जागेवर बसवलेली, बंद, खोली खरंच उजळलेली. ती उंबऱ्यात थांबली. मग पहिल्या दारापासून हात फिरवत निघाली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यावर तिचा हात थांबला. तिनं तळहात पुन्हा मागं नेला, पुन्हा पुढं आणला.

"हे पन?" ती म्हणाली.

"बघ तर खरं कसं दिसतं!"

तिनं हात पदरात घेतला. मग म्हणाली, "छान झालं."

मला ते कमी वाटलं. पंधरा दिवस खपलो आणि दोन शब्द. पण बाकी लोकांनी कसर भरून काढली. माझ्याबरोबर शाळेत असलेले एक शिक्षक चहाला आले, दारावर हात फिरवून म्हणाले, "सर, ही काच आहे का?" मी त्यांना लांबीची कृती सांगितली. येईल त्याला सांगत होतो. बायको आत चहा करत होती आणि चहा यायला फार वेळ लागत होता.

तिथून आमच्या घरात एक विचित्र भांडण सुरू झालं. सकाळी उठून स्वयंपाकघरात गेलं की आठही दारं सताड उघडी. मी बंद करायचो. पाणी पिऊन परत येईपर्यंत पुन्हा उघडी. मी चिडायचो. रंग कोवळा आहे, कडा आपटतात, टवके उडतील. ती "हो" म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, ही चौथ्या दाराचा राग काढून राहिली. बायका बोलत नाहीत, असं वागतात, असं काहीतरी शहाणपण मी तेव्हा स्वतःला शिकवलं. एकदा तर मी ओरडलो, "हे काय प्रदर्शन आहे का दुकानाचं?" आणि धाडधाड आठही दारं लावून टाकली. ती ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिच्या खांद्यांवरून मला कळायला हवं होतं.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी आवाज आला. मी पडवीत होतो. आत गेलो तर ती खाली बसलेली, भुवईवर हात, बोटांतून रक्त. वरच्या कपाटाचं उघडं दार, त्याची कड तिच्या कपाळात घुसली होती. सकाळचे दहा, खिडकीतून ऊन, आणि ते दुधी पांढरं दार तिच्यापासून हातभर अंतरावर.

"दिसलं नाई का तुला?" मी म्हणालो. हा प्रश्न नव्हता, ओरडणं होतं.

"नाई दिसलं," ती म्हणाली. तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मी खाली तिच्याजवळ बसलो.

मी रक्त पुसलं, हळद दाबली. मग तिच्या डाव्या बाजूला सरकलो आणि विचारलं, "ही किती बोटं?"

ती समोर बघत होती. जरा थांबून म्हणाली, "तीन."

मी हात वर केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी थेंब घातले, यंत्रं लावली, एका अंधाऱ्या घुमटासारख्या डब्यात तिला डोकं घालायला सांगून कुठं ठिपका दिसला की बटण दाबायला लावलं. मी बाहेरून बघत होतो. बराच वेळ ती बटण दाबतच नव्हती. काचबिंदू, डॉक्टर म्हणाल्या. डाव्या डोळ्यातलं जवळजवळ सगळं गेलंय, उजव्यात मधलं थोडं उरलंय, जसं नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येईल, थेंब जन्मभर.

"केव्हापासून त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन वरसं झाली," बायको लगेच म्हणाली. अनोळखी बाईला, पहिल्याच भेटीत, एका श्वासात. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होतो.

"घरी सांगितलं नाही?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागलो.

निघताना त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, आणि ती दोघांना सांगितली. उजव्या डोळ्यात धुकं आलं, कडेनं आणखी कमी झालं, दुखलं, काहीही बदललं, तर त्याच दिवशी या. हे घरी कुठल्या मशीनला कळणार नाही, नवऱ्यालाही कळणार नाही. हे फक्त यांनाच कळेल. त्यांनी लपवलं तर हाही डोळा जाईल.

आम्ही परतीची बस धरली. संत्र्याचे बगीचे मागं जात होते. ती खिडकीशी होती, पण बाहेर बघत नव्हती. शेवटी मी जमेल तितक्या हळू विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "तुम्ही ओरडता."

"तुला आजाराबद्दल ओरडलो असतो का मी?"

"माह्यावर नसते ओरडले. डोळ्यावर ओरडले असते. डाक्टरवर, औषधावर, नशिबावर ओरडले असते." तिनं पदर सारखा केला. "पन आइकाले तं मलेच लागलं असतं ना जी."

तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की समजलं नाही तर हात वर करा, आणि वर्गात कोणाचाच हात वर व्हायचा नाही. मला वाटायचं माझं शिकवणं इतकं स्पष्ट आहे.

घर येईपर्यंत मग तिनं सगळं सांगितलं, जणू कुलूप निघालं होतं. सुरुवातीला कडेकडेचं जायला लागलं. मग भांडी एकदम समोर यायला लागली. मग तिनं दारांच्या रेषा पाठ केल्या. मी विचारलं की आठ तर दारं, मोजली असती तरी चाललं असतं. "मोजता येते," ती म्हणाली, "पन मोजतानी फोन वाजला, दूध वर आलं, तुम्ही हाक मारली का मोजनं चुकते. मंग पुन्हा पहिल्यापासून. रेषेले मोजा लागत नाई. हात ठेवला का दारच सांगते मी कोन आहे ते." दारं नसतानाचे दिवस तिला सगळ्यात सोपे गेले होते. म्हणूनच नंतर ती सगळी उघडी ठेवत होती. मी बंद करत फिरत होतो.

मी पेंटरला फोन केला. लांबी काढता येईल का विचारलं. तो आधी हसला, मग मी कारण सांगितल्यावर हसणं थांबलं. "रंग खरवडून निघन, सर. नसांतली नाई निघत. लाकूडच तासा लागन, मंग रेषाही दुसऱ्या निंगतीन." तो घरी यायला, फुकट काम करायला तयार होता. बायकोनंच नको म्हटलं. दारांवर काही खुणा करू का, बटणं चिकटवू का, असं मी चार दिवस तिच्या मागं लागलो. खुणा करायला माझे हात शिवशिवत होते. हातानं काही दुरुस्त केलं की माझं मन हलकं होणार होतं, आणि हे तिला माझ्याआधी कळलं.

"खुना कायले?" ती म्हणाली. "तुम्ही रिकामेच तं असता. इथं बसा आन् सांगा."

तेव्हापासून सकाळी मी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसतो. ती विचारते, मी सांगतो. पुढचं. त्याच्या पुढचं. वरचा कप्पा, उजवीकडे. सुरुवातीला मला हे फार मोठं प्रायश्चित्त वाटायचं, आणि मी ते तोंड पाडून करायचो. मग एक दिवस ती म्हणाली, "एवढ्या हळू नका बोलू, मेलेल्या घरावानी. डोळे गेले माहे, कान नाई." तेव्हापासून मी माणसासारखा बोलतो.

राग गेला असं मी लिहिणार नाही, कारण तिला कोणी हे वाचून दाखवलं तर ती हसेल. मी अजूनही चिडतो. दिवसातून एकदा तरी आवाज चढतो. चढला की तिचा हात गुळगुळीत दारावर जिथं असेल तिथं थांबतो, आणि तो थांबलेला हात बघून मी आवाज खाली आणतो. मला तिच्या रागाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टीची. उरलेला तो नळीएवढा उजेड तिच्या एका वाक्यावर टांगलेला आहे, आणि ते वाक्य तिनं मला सांगायचं आहे. सगळ्या जगात नेमकं मला. रोज सकाळी मी तिच्या तोंडाकडे बघायचो आणि विचारायचो, "ठीक ना?" आणि ती "ठीक" म्हणायची, आणि मला ते खरं आहे की नाही हे कळायचा काही मार्ग नव्हता. दोन वर्षं ती असंच "ठीक" म्हणाली होती.

या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गॅसची टाकी चार दिवस झाले आली नव्हती. मी फोनवर एजन्सीच्या माणसाला झोडपत होतो. जुना आवाज पुरा लागला होता, तोच, मैदानापलीकडे जाणारा. मी उभा होतो, हात हवेत, कपाळाची शीर ताठ. ती ओट्यापाशी होती. मी फोन आपटला आणि त्याच दमात तिच्याकडे वळून त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"झालं तुमचं?" ती म्हणाली.

मी थांबलो.

"झालं असंन तं आइका. उजव्या डोळ्यात आज सकाळपासून धुकं वाटून राह्यलं. कडेनं कमी झालं."

आयुष्यात इतकं भयंकर वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसलं नसावं. मी माझ्या सगळ्यात वाईट अवतारात समोर उभा होतो, आणि तिनं मला सांगितलं होतं. त्याच दिवशी.

"चप्पल कुठं आहे तुझी?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"दारापाशी," ती म्हणाली. मी ती तिच्या पायाशी आणून ठेवली आणि आम्ही नागपूरची मिळाली ती बस धरली.